बाजूचा स्क्रीन

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरसाहेब,

नमस्कार-चमत्कार काही नाही. मावशीच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि तरी मी तिला सांगितलं. शुक्रवारी मला रिपोर्ट मिळाला आणि शनिवारी तुझा फोन वाजला. रविवारी चारदा वाजला. आई गेल्यापासून दोन वर्षं तुला बहीण आहे हे आठवलं नव्हतं, पण तिच्या डोक्यात काही सापडलं म्हटल्यावर लगेच आठवलं. असो. तुझा आवाज ऐकायची माझी इच्छा नाही, म्हणून हे पत्र. यात निदान मधे बोलता येत नाही तुला.

सापडला आहे तो फुगा. डाव्या बाजूला, मेंदूतल्या मोठ्या धमनीला जिथे फाटे फुटतात तिथे, सात मिलिमीटरचा. कानात शिट्टी वाजते म्हणून मी कान-नाक-घसावाल्याकडे गेले होते. त्या गृहस्थाला कानात काही दिसेना, म्हणून त्याने डोक्याचा स्कॅन करायला लावला आणि नको ते दिसलं. तेव्हापासून तो माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलतो की शिट्टीच्या वर मला काही ऐकूच येत नाही. "घाबरू नका, याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात," म्हणे, "धमनीची भिंत एका जागी पातळ होते आणि फुगते." मी म्हटलं, "आणि फुटली की काय होतं तेही मला ठाऊक आहे. पुढे बोला." मग त्याने चष्मा काढून पुसला. 

तुझं पान मावशीने आणून दिलं. टाइप केलेलं, वर लेटरहेड, लेटरहेडवर तुझ्या पदव्यांची रांग. सख्ख्या बहिणीला लिहिताना पदव्या लागतात हे मला नवीन आहे. "घरातला इतिहास पाहता उपचार करणं योग्य ठरेल," असं लिहिलंस. घरातला इतिहास! काय शब्द शोधून काढलास. त्या इतिहासाला आपण आई म्हणायचो.

तिलाही हाच फुगा होता, याच बाजूला. फुटलेला नव्हता. बाई चालती-बोलती होती, लिफ्ट बंद होती म्हणून जिना चढून आली आणि वर येऊन लिफ्टवाल्याला चार शब्द सुनावले. तुमच्या मोठ्या सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, घरच्या माणसाला घरच्यांनी हात लावू नये, दुसरीकडे पाठवा. पण आपल्याकडे कुणाचं ऐकायची पद्धत आहे कुठे? तू टेबलापाशी उभा राहिलास, मी टेक्निशियन म्हणून काचेमागे बसले. दुपारी ती बाहेर आली तेव्हा उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता आणि वाचा गेली होती. त्यानंतर नऊ वर्षं तिने "अं" सोडून काही म्हटलं नाही. ती नऊ वर्षं मी काढली, तू नाहीस.

म्हणून सांगते, मला मरायची भीती नाही. मला "अं" होऊन राहायची भीती आहे. आईला निदान मी होते. माझ्या अंगाखालची चादर बदलायला कोण आहे? तू?

तेव्हा माझ्या डोक्यापासून लांब राहा.

कागदोपत्री तुझी,
ताई


११ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरसाहेब,

तुझी दोन पानं मिळाली. या वेळी हाताने लिहिलीस, पदव्या नाहीत, सुधारणा आहे. पण चित्र काढायची काय गरज होती? लहानपणी तुला हत्तीची सोंड काढता यायची नाही, चार पायांच्या पुढे पाचवा पाय काढून मोकळा व्हायचास. अजून तेच. धमनीच्या फाट्याचा कोन चुकलाय, फुग्याची मान दाखवली आहेस त्याच्या दुप्पट रुंद असते, आणि नळी जांघेतून निघून थेट कानात गेल्यासारखी दिसते आहे.

आणि खाली समजावून काय सांगतोस, तर जांघेतून नळी घालतात, ती आतल्या आत मानेपर्यंत नेतात, तिच्यातून शेवईहून बारीक दुसरी नळी फुग्याच्या तोंडाशी नेतात आणि तिच्यातून प्लॅटिनमची तार आत सोडतात. तार आत गेली की गुंडाळी होऊन बसते, फुगा गुंडाळ्यांनी भरला की त्यात रक्त शिरत नाही. वर "ताई, कवटी उघडावी लागत नाही" हा दिलासा. अरे, मग बावीस वर्षं मी त्या काचेमागे बसून काय भाजी निवडत होते? तू एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात मेंढीचा मेंदू बघून जेवला नव्हतास, तेव्हापासून मी हे बघत आले आहे.

तुला शिकवायची हौसच असेल तर मी उजळणी घेते. तार ढकलणाऱ्या दांडीला जोडलेली असते तोवर ती मागे ओढता येते, दहादा ओढा, पुन्हा घाला, कुणी विचारत नाही. एकदा दांडीपासून सोडली की ती तिथली झाली. म्हणून सोडण्याआधी डॉक्टरने मोठ्याने विचारायचं, "सोडू?" काचेमागच्या माणसाने दोन्ही स्क्रीन बघायचे. एकात डोकं पुढून दिसतं, दुसऱ्यात बाजूने. गुंडाळीचं एकही वेटोळं फुग्यातून बाहेर, धमनीत डोकावत नाही ना, हे दोन्हींत बघायचं आणि मगच परवानगी द्यायची. तोवर डॉक्टर कितीही मोठा असो, त्याने हात आवरून उभं राहायचं. हा नियम त्या विभागात कुणी आणला? मी. मोठ्या सरांना मी एकदा पूर्ण चार मिनिटं ताटकळत ठेवलं होतं. अंगावर शिशाचा एप्रन, कपाळावर घाम, आणि मी म्हणतेय, "थांबा सर, बाजूचं चित्र नीट येऊ दे." आतल्या सिस्टरची पाचावर धारण बसली होती. नंतर सरांनी स्वतः चहा आणून दिला. मला तिथे सगळे "थांबा बाई" म्हणायचे, माझ्या पाठीमागे, आणि मला ते आवडायचं.

आईच्या वेळी शेवटची तार होती. तू विचारलंस, "सोडू?" काचेमागून "सोड" आलं. तू सोडलीस. आणि एक वेटोळं धमनीत होतं. पुढच्या चित्रात ते गुंडाळीच्या आड गेलं होतं, बाजूच्या चित्रात ढळढळीत दिसत होतं. अर्ध्या तासात त्यावर रक्ताची गुठळी धरली. पुढचं तुला माहीत आहे.

आणि मग काय केलंस? टोपी न काढता बाहेर आलास आणि मावशीसमोर, मामांसमोर, अख्ख्या कॉरिडॉरसमोर हात जोडून म्हणालास, "माझी चूक झाली." काय तो आव! रडणारी माणसं रडायची थांबून तुझ्याकडे बघायला लागली. मामा तर तुलाच जवळ घेऊन थोपटायला लागले. आई आत अर्धी होऊन पडली होती आणि बाहेर सांत्वन तुझं चाललं होतं. रिपोर्टमध्येही तेच लिहिलंस. "ऑपरेटरने पुरेशी खात्री न करता तार सोडली." ऑपरेटर म्हणजे तू, एका वाक्यात हुतात्मा. ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि अजून होतो.

मी दुसऱ्या डॉक्टरकडे जाते आहे. तुझ्या दवाखान्यापासून चांगला लांब आहे. चित्रं काढत नसावा अशी आशा आहे.

ताई


२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरसाहेब,

गेले त्या दुसऱ्याकडे. केसांना जेल लावलेला पोरगा आहे, बत्तीस-तेहतीसचा, टेबलावर प्लॅस्टिकचा मेंदू ठेवलाय. त्याचे दोन तुकडे उघडतात. बोलताना तो उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो. मला मॅडम म्हणाला. बावीस वर्षं असल्यांना "डॉक्टर, हातमोजे फाटलेत" असं मी सांगत आले, आता ते मला मॅडम म्हणतात.

पण फिल्म बघताना त्याने तो मेंदू बाजूला ठेवला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. नवीन स्कॅनमध्ये फुग्याच्या डोक्यावर एक पुळी आली आहे. मी न विचारताच सांगितलं त्याला, "म्हणजे भिंत तिथे आणखी पातळ झाली." तो म्हणाला, "हो. आणि मॅडम, महिनाभरसुद्धा थांबू नका." सरळ बोलला, तेवढ्यापुरतं जेल माफ.

मग त्याने माझं आडनाव परत वाचलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही सरांच्या कोण?"

तुझा विद्यार्थी निघाला! या धंद्यात जिकडे जावं तिकडे तुझीच पिल्लं. मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, "सर पहिल्याच वर्गात एक केस दाखवतात. त्यांच्या आईची." मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. नाही. तू आपल्या आईचं डोकं भिंतीवर लावून दाखवतोस! दर वर्षी, नवीन पोरांना!

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. तो सांगत राहिला. तू आधी पुढचं चित्र दाखवतोस आणि विचारतोस, सोडू? सगळी पोरं एका सुरात म्हणतात, सोडा. मग तू बाजूचं दाखवतोस. "आणि मग सर एकच वाक्य सांगतात," तो म्हणाला, "ज्याचा तुमच्यावर फार विश्वास आहे, त्याला दोनदा विचारा. मी एकदाच विचारलं, ती माझी चूक." तेव्हापासून तुझ्याकडे काचेमागे दोन माणसं बसतात, एका स्क्रीनला एक, आणि बाजूच्या स्क्रीनवाल्याने आधी बोलायचं. याच्या दवाखान्यातही आता तसंच करतात.

मी पर्स उचलली आणि बाहेर आले. लिफ्टपाशी उभी राहिले, लिफ्ट दोनदा येऊन गेली.

म्हणजे तुला माहीत होतं. आईच्या केसमध्ये नेमका कुठला स्क्रीन बघायचा राहिला ते तुला माहीत होतं. अकरा वर्षं. आणि तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. वर शेकडो पोरांना तिथे उभं राहून चूक सांगतोस, आणि ती सांगताना माझ्यावर पांघरूण घालतोस. मी तुझ्या पांघरुणाखाली आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं. थू अशा मोठेपणावर.

ताई


२ मार्च, रविवार

डॉक्टरसाहेब,

चार ओळी लिहायला तुला नऊ दिवस लागले. समोर ठेवून लिहिते आहे.

"ताई, माहीत होतं. त्याच दिवशी संध्याकाळी रेकॉर्डिंग पाहिलं. तुझी नवीन फिल्म मला दाखवली आहे, थांबू नकोस. काम तो करेल, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी तार धरणार नाही. मी तुझ्या खुर्चीत बसेन, बाजूच्या स्क्रीनसमोर."

पहिली गोष्ट, माझी फिल्म तुला दाखवायचा त्या जेलवाल्याला अधिकार काय? त्याच्या त्या प्लॅस्टिकच्या मेंदूची शकलं करून हातात देते.

दुसरी गोष्ट, तुझ्या सहनशीलतेची मला किळस येते. रेकॉर्डिंग पाहिलंस तेव्हा माझ्या घरी यायला हवं होतंस आणि दारात उभं राहून ओरडायला हवं होतंस. "ताई, तू पाहिलं नाहीस!" असं. शेजारपाजाऱ्यांनी दारं उघडली असती, चार दिवस तोंड लपवून मी बसले असते, आणि मग कदाचित आपण दोघं आईच्या उशापायथ्याशी बसलो असतो. तू काय केलंस? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खाली मान घालून यायचास, हातात औषधांची पिशवी. मी दार बोटभर उघडून म्हणायचे, "झोपलीय." आणि तू मान हलवून जिन्याने परत खाली. लिफ्ट चालू असतानाही जिन्याने! भांडणसुद्धा करता येत नाही अशा माणसाशी. मी पाय आपटून दार लावायचे आणि वाटायचं, चुकीचं खापर याच्यावर आहे म्हणून हा इतका नरमला आहे. तुझ्या वाकलेल्या मानेवर मी नऊ वर्षं आरामात जगले. राजीनामा दिला तेव्हा विभागातली माणसं म्हणाली, आईसाठी केवढा त्याग. मी ते ऐकून घेतलं. गोड लागलं.

मी पाहिलं नाही असं तुझं म्हणणं आहे. ठीक आहे. तो स्क्रीन जुना होता, त्याचा उजेड कमी-जास्त व्हायचा, हे तुलाही आठवत असेल. चार वेळा तक्रार केली होती मी लेखी. हे काही कारण होत नाही, मला कळतं. लिहिलं इतकंच.

तिसरी गोष्ट. पुळी आली आहे, बादली उचलायला भीती वाटते, शिंक आली तरी भिंतीला हात टेकते. मला राहायचं असेल तर या पोराच्या हाताखाली झोपावं लागणार हे मला तुम्हा दोघांपेक्षा जास्त कळतं. तू खुर्चीत बसणार म्हणून तुझ्याच दवाखान्यात, तुमच्या मशीनवर, बुधवारी बारा तारखेला. रक्त पातळ करायच्या गोळ्या मी सुरू केल्या आहेत. हातावर नुसती पेल्याची कड लागली तरी काळंनिळं होतंय.

आणि बसायचंच असेल माझ्या खुर्चीत तर नीट बस. तुम्ही डॉक्टर लोक खुर्चीत बसलात की मागे रेलता. तिथे पुढे सरून बसायचं, कोपरं टेबलावर. जेलवाला काय करतोय, त्याचा हात किती स्थिर आहे, किती छान चाललंय, हे बघायचं नाही. काचेतून बघायचंच नाही. काचेतून माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की चित्र दिसत नाही. तो विचारेल "सोडू?" तेव्हा तुझी मान स्क्रीनकडे असली पाहिजे. शंका आली तर थांबा म्हण. चार मिनिटं थांबव, दहा थांबव, त्याच्या जेलचा घाम होऊ दे.

हे काही तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. डोकं माझं आहे.

ताई


१२ मार्च, बुधवार, सकाळ

धाकट्या,

हे पाकीट चष्मेवाल्या टेक्निशियन बाईकडे दिलंय. दोन पोरांची आई आहे, शब्दाची पक्की वाटली. तिला बजावलंय की काम सुरू असताना द्यायचं नाही. शेवटची तार सुटली, नळ्या निघाल्या, की मला जागं करण्याआधी तुझ्या हातात द्यायचं. आधी वाचलंस तर त्या खुर्चीत बसून डोळे पुसत बसशील, आणि तू डोळे पुसत असताना माझ्या डोक्यात वेटोळं राहायला नको.

मघाशी मला ढकलगाडीवरून तुझ्या त्या नळ्या घालण्याच्या लॅबच्या दारावरून नेलं. थंडी तेवढीच ठेवता. काच तीच. काचेमागे दोन खुर्च्या आहेत हे पाहिलं. डावीकडची माझी होती, आता बाजूच्या स्क्रीनची. तिच्या हाताला चिकटपट्टी गुंडाळली आहे. ती मीच गुंडाळली होती, तुम्हाला अकरा वर्षांत खुर्ची बदलता आली नाही? भिकारडा दवाखाना.

आता ऐक. मागच्या पत्रात स्क्रीनच्या उजेडाचं लिहिलं ते पुसून टाक. उजेड चांगला होता.

घरच्या माणसाला घरच्यांनी हात लावू नये हे सर म्हणाले तेव्हा तू लगेच म्हणाला होतास, "बरोबर आहे, पाठवूया." हट्ट माझा होता. मीच म्हटलं होतं, "दुसऱ्याच्या हातात आईला द्यायचं? तू असताना?" तू दोन दिवस नाही म्हणत होतास. मीच मावशीला चढवलं, मावशीने तुला चढवलं. पहिल्या पत्रात मी हे आपल्या घराच्या पद्धतीवर ढकललं. मी ते तसं ढकलत आले आहे, सगळ्यांसमोर.

आणि शेवटच्या तारेच्या वेळी मी तुला बघत होते. काचेतून. तुझा हात इतका शांत चालला होता. टोपीखालून तुझा कान दिसत होता, लहानपणी खेळताना मी चावले होते तो. मला वाटलं, हा माझा भाऊ. याला मी पाटीवर अक्षरं गिरवायला लावली, आणि आज हा आईच्या डोक्यात बसून आईला वाचवतोय. इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. तू विचारलंस, "सोडू?" मी पुढच्या स्क्रीनवर नजर टाकली, टाकल्यासारखी केली, आणि "सोड" म्हटलं. बाजूच्या स्क्रीनकडे मान वळवलीच नाही. तुझा हात होता म्हणून. दुसऱ्या कुणाचा असता तर चार मिनिटं थांबवलं असतं.

"थांबा बाई" म्हणे. माझ्यासारख्या माणसांची मला फार चीड येते. दुसऱ्याला नियम शिकवायचे आणि आपल्या माणसापुढे आंधळं व्हायचं. या सगळ्या पत्रांत मी तुला बोलले त्यातलं अर्ध्याहून जास्त माझ्याच तोंडावर मारण्यासारखं आहे. उरलेलं तुलाही लागू आहे, उगाच हुरळून जाऊ नकोस.

आणखी एक आहे आणि ते याहून वाईट आहे.

आईच्या खाटेशेजारी लाकडी खुर्ची होती, तू यायचास तेव्हा त्यावर बसायचास, म्हणजे दवाखान्याआधी, ती धडधाकट असताना. तुझ्या त्या रविवारी सकाळपासूनच आई डाव्या हाताने त्या खुर्चीकडे बोट करायची. "अं. अं." मी विचारायचे, पाणी हवंय? उशी? खिडकी लावू? ती मान हलवून नाही म्हणायची आणि परत खुर्चीकडे बोट. मी खुर्ची पुसायचे. सरकवायचे. एकदा तर उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, तर ती जिथे होती त्या रिकाम्या जागेकडे बोट करत राहिली. मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, धाकट्या. ती तुला बोलवत होती. जिन्यावर तुझी पावलं वाजली की तिचा हात वर यायचा. आणि मी दाराशी जाऊन सांगायचे, झोपलीय. ती जागी असायची. एकदाही झोपलेली नव्हती.

तिला बोलता येत नव्हतं, ते माझ्या सोयीचं होतं. तू आत आला असतास, तिने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला असता, मग तुझ्यावर राग धरायला मला जागा उरली नसती आणि सगळं फिरून माझ्याकडे आलं असतं. म्हणून नऊ वर्षं मी तिला समजून न समजल्यासारखं केलं. चादरी बदलल्या, भरवलं, न्हाऊ घातलं, कंबर मोडेपर्यंत केलं, आणि जे एकच मागत होती ते दिलं नाही. मावशी येऊन म्हणायची, "काय सेवा करतेस गं!" मी तिच्यासाठी चहा ठेवायचे.

तुझी माफी मागत नाही. तू लगेच देऊन टाकशील, मग तिची किंमत काय? तुझ्या वर्गात त्या पोरांना सांगतोस ना, मी एकदाच विचारलं ही माझी चूक? ते बंद कर. दोनदा विचारलं असतंस तरी मी दोनदा "सोड" म्हटलं असतं. पोरांना खरं सांग. काचेमागे बहीण होती आणि ती भावाला बघत होती.

आता कामाचं. पेशंट शुद्धीवर आला की तुम्ही लोक विचारता, नाव काय, कुठे आहात, उजवा हात उचला. मला नाव विचारू नका, ते सवयीने येतं. त्या जेलवाल्याला बाजूला कर आणि तू विचार. मोठ्याने, चष्मेवालीसमोर, सिस्टरसमोर, जे कोण असतील त्यांच्यासमोर. "ताई, त्या दिवशी बाजूचा स्क्रीन कुणी पाहिला नाही?"

मला "मी" म्हणता आलं तर वाचा शाबूत आहे असं रिपोर्टमध्ये लिही.

नाही आलं, तर हे पत्र त्यांना वाचून दाखव. आणि मग माझा डावा हात खाटेशेजारच्या खुर्चीकडे जात राहिला, तर पाणी विचारू नकोस, उशी विचारू नकोस, झोपलीय असं कुणाला सांगू नकोस. खुर्ची ओढ आणि बस.

ताई